बिब्याच्या फुल्या

सुजलेला हात चोळायचा नाही, हे आमच्या घरात कुणालाच पटेना. कॅन्सरमुळे माझा उजवा स्तन काढला, त्या बाजूच्या काखेतल्या गाठीही काढल्या. पुढचे उपचार निभावून मी पुन्हा शाळेत शिकवायला लागले आणि मग तो हात फुगत गेला. आधी बांगड्या रुतल्या, मग ब्लाउजची बाही उसवली. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की हात ओझ्यासारखा लोंबायचा. मला भयंकर चीड यायची. एवढं सोसलं ते काय यासाठी?

हिंगोलीत एक फिजिओथेरपीच्या मॅडम मिळाल्या, वयानं माझी विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी समजावलं, की काखेतल्या गाठी गेल्या की हातातलं पाणी वाहून जायची वाट बुजते. उपचार दोन टप्प्यांत. पहिल्यात त्या स्वतः हलकी मालिश करून बोटांपासून खांद्यापर्यंत पट्ट्या गुंडाळणार आणि सूज उतरवणार. दुसऱ्यात उतरलेली सूज टिकवायची. दिवसा घट्ट बाही, व्यायाम, आणि घरच्या माणसाकडून रोज मालिश. तीही जन्मभर.

"घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

नवरा ट्रकवर ड्रायव्हर आहे. घरी आला तर पाहुणाच. मुलगा पुण्यात. उरल्या माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते.

आता गंमत अशी, की पुसेगावकडच्या आमच्या गावात निम्मी लेकरं आत्याबाईंच्या पायांवर न्हालेली. बाळंतिणीची कंबर असो की कुणाचा लचकलेला पाय, बोलावणं त्यांनाच. मॅडमची मालिश बघायला मी त्यांना सोबत नेलं, तर परत येताना बसमध्ये त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "हे काय चोळणं म्हनावं? मांजर कुरवाळून राहिली ती पोरगी. अशानं सूज उतरती व्हय?"

पण सूज उतरत होती. मनगटाचं हाड दिसायला लागलं तेव्हा मी ते येईल त्याला दाखवत सुटले होते.

एका रविवारी अंघोळीसाठी पट्ट्या सोडल्या. नंतर मी जरा आडवी झाले. "तेल लावते," आत्याबाई म्हणाल्या. मी हूं म्हटलं आणि माझा डोळा लागला.

त्यांनी बिबा लावला होता. दाभणाला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागेवर फुल्या मारायच्या. आमच्याकडे हाच सुजेवरचा शेवटचा इलाज. दंडाच्या आतली बाजू ऑपरेशनपासून बधिर होती, त्यामुळे मला काही कळलं नाही. मी ओरडले नाही, म्हणजे औषध लागू पडून राहिलं, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी आणखी फुल्या मारल्या.

बिबा उतला. फोड फुटले, दंड लालभडक झाला, अंगात ताप चढला. दवाखान्यात भरती व्हावं लागलं. तिथल्या सिस्टरनं जखम बघितली, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "सासूनं जाळलं का? घाबरू नका, खरं सांगा. पोलिसांना कळवता येतं."

सकाळपासून मी आत्याबाईंवर इतकी खवळलेली होते की त्यांचं तोंड बघत नव्हते. पण तो शब्द ऐकला आणि माझा राग सिस्टरवर उलटला. "वेडेपणा केला त्यांनी," मी जवळजवळ किंचाळले, "पण जाळलं नाही!" आत्याबाई दाराबाहेरच उभ्या होत्या. त्यांनी सिस्टरचा प्रश्नही ऐकला होता आणि माझं उत्तरही, बहुतेक प्रश्नच जास्त.

जखम भरेपर्यंत पट्ट्या बंद. हात पुन्हा पहिल्यासारखा फुगला. मॅडमनी पहिला टप्पा पहिल्यापासून सुरू केला. दुसरा टप्पा आला तेव्हा मात्र आत्याबाईंनी हात जोडले. "मला न्हाई जमनार बाई. दुसरं कोनी बघा." गावातली बोलावणीही त्यांनी बंद केली होती. शेजारच्या सुनेचं बाळ तिच्या आईनंच कसंबसं न्हाऊ घातलं.

"दुसरं कोण बघू?" मी भडकले. "हात पुन्हा दगड होऊ देऊ का?"

शेवटी त्या बसल्या. आधी मानेपाशी, मग दुसऱ्या काखेकडे, मग दंडावर. बाळाच्या टाळूला लावावा तसा हात. मी डोळे मिटले. खूप दिवसांनी बरं वाटत होतं.

"सूनबाई, माझा हात कळतो का?"

"हो, कळतो की."

"कुठं हाय?"

"दंडावर, आतल्या बाजूला."

मी डोळे उघडले. आत्याबाईंचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते.

"कवाच उचलला," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "काहून खोटं बोलती? बिबा लावला तवा बी असंच झालं ना? आता डोळे मिटायचे न्हाईत. मी चोळते, तू बघत राह्य."