माहेरची कुत्री आणि जळकं ऑइल

लग्नानंतर जळगावहून धुळ्याकडच्या खेड्यात आले तेव्हा माझ्याबरोबर पितळी भांडी आली, गादी आली, आणि कुणी न बोलावता आमची पांढरी कुत्री आली. ट्रकमध्ये सामानावर चढून बसली ती उतरेचना. सासरी मी कमी बोलायचे. दुपारी सगळं घर झोपलं की लिंबाखाली तिच्याशी बोलत बसायचे. दूर विहिरीवर इंजिन टकटक करत असायचं, अंगणात ऊन पांढरं पसरलेलं असायचं, आणि आपण नेमक्या कोणत्या गावी आहोत हे क्षणभर आठवायचंच नाही. फार बरं वाटायचं तेव्हा.

त्याच उन्हाळ्यात तिला लूत लागली. आधी कानांच्या कडा, मग कोपरं, मग पोट. केस झडून जाड, सुरकुतलेली कातडी दिसू लागली. सारखी खाजवायची. माझे सासरे, म्हणजे आबा, म्हणाले, "आठ दिन देखसूत. नहीतं हायवेले सोडी येसूत." आबा बोलले की बोलले.

गावात लुतीवर एकच औषध, इंजिनाचं जळकं ऑइल. बैलाच्या मानेला तेच, कुत्र्याला तेच. मी अतिशहाणी, थोडं लावायचं ते डबाभर चोपडलं. पांढरी कुत्री काळीकुट्ट झाली. तिनं ते चाटलं, दुसऱ्या दिवशी ओकली आणि लिंबाखाली पडून राहिली. माझ्याकडे बघेसुद्धा ना. मीच हिला मारलं, असं वाटून मी रडत रडत तिला रिठ्याच्या पाण्यानं धुवायला बसले.

बाह्या वर सरकवल्या आणि विसरले. इतके दिवस लपवलेले लाल फोड दंडापर्यंत उघडे पडले. ती माझ्या हातांवर डोकं ठेवून झोपायची, तिची खाज मला लागली होती. हे कळलं असतं तर तिची रवानगी त्याच दिवशी झाली असती.

आबा ओसरीवरून म्हणाले, "सूनबाईना हातले काय व्हयनं?"

सासूबाई शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घामोळ्या शेतस."

मग त्या उठल्या आणि माझ्याजवळ बसून तांब्यानं पाणी ओतू लागल्या. काळ्या फेसातून हळूहळू पांढरा रंग वर येत होता.

"मन्ही मांजर व्हती मायेरनी," त्या हळूच म्हणाल्या. "तिलेबी खरूज व्हयनी. मी तिले नदीपार सोडी उनू."

"परत नाही आली?"

"उनी. तीन दिनमा उनी. मी दार उघाडं नही."

संध्याकाळी त्यांनीच गुरांच्या डॉक्टरला बोलावणं पाठवलं. कुत्री वाचली, पुढं बरीच वर्षं जगली. झोपायची मात्र सासूबाईंच्या खाटेखाली.