तळ्यासाठी तेवीस अर्ज

आमच्या साडूंइतक्या निर्मळ मनाने हात पसरणारा माणूस अख्ख्या अमिरातीत दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतका नेमाने रिकाम्या हाती परतणाराही. इथे माणसं पैसे कमवायला येतात. साडूही त्यासाठीच आले आणि बेताचे कमावलेही. पण मधली तीन वर्षं त्यांच्या डोक्यात पैशाचा विचार यायचा तो फक्त एका तळ्यासाठी, आणि ते तळंही त्यांच्या मालकीचं नव्हतं.

साडू दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका लोणच्याच्या कारखान्यात क्वालिटी बघायचे. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, त्यांच्या पत्नी. आम्ही राहायचो एकाच वसाहतीत. तिचं नाव सांगत नाही, उगाच भाडी उतरायची. साडूंच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी पेनासारखाच दिसणारा, पाण्यातले क्षार मोजणारा मीटर असे. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा ग्लास हातात घ्यायचे, मीटर बुडवायचे, आकडा वाचायचे आणि मगच "काय, कसं चाललंय?" असं विचारायचे. एकदा सत्यनारायणाच्या तीर्थापर्यंत तो मीटर पोचला होता. ताईंनी मनगट धरलं म्हणून देव वाचला. यजमानांना वाईट वाटेल हे त्यांच्या गावीच नसे. उलट निघताना "तुमचा फिल्टर बदला हं" असं इतक्या मायेने सांगायचे, की लोक आधी रागवायचे आणि आठवड्याने फिल्टर बदलायचे.

आमच्या वसाहतीच्या मधोमध एक खोदलेलं तळं आहे. भोवती लॉन, चालायचा ट्रॅक, चार बदकं. एका उन्हाळ्यात शनिवारी सकाळी फिरायला गेलो तर तळ्यातले मासे पोट वर करून तरंगत होते आणि वॉचमन ते जाळीने गोळा करत होता. देखभालवाल्यांनी त्यावर उपाय केला तो असा, की पाण्यात निळा रंग ओतला. दुपारपर्यंत तळं जाहिरातीतल्यासारखं दिसू लागलं. साडूंनी काठावरून वाकून पाहिलं. मग म्हणाले, "आजाऱ्याला पावडर लावून बसवलंय रे."

त्याच आठवड्यात त्यांनी वसाहतीच्या ऑफिसातून लेखी परवानगी काढली आणि दर शनिवारी पाणी तपासणारं मंडळ स्थापन केलं. सभासद नऊ. मी दुसरा, कारण पहिले ते स्वतः होते आणि मी त्यांच्या शेजारी उभा होतो. सुरुवातीला खिशातून आणलेल्या कागदी पट्ट्या बुडवायच्या आणि रंग जुळवायचे. पण त्या पट्ट्यांवरून नऊ सभासदांची नऊ मतं व्हायची. पाण्यातला ऑक्सिजन मोजणारं नीट यंत्र हवं होतं, शिवाय वर्षभर नमुने लॅबमध्ये पाठवायला हवे होते. "साडेसहा हजार दिरहम नुसत्या यंत्राचे," साडू म्हणाले, आणि मग आम्हाला नीट घाबरता यावं म्हणून, "म्हणजे दीड लाख रुपये."

"वर्गणी काढू या की," मी म्हटलं. "गणपतीला काढायचो तशी."

"खुळा आहेस का? इथे परवानगीशिवाय वर्गणी मागणं म्हणजे गुन्हा. एक दिरहमसुद्धा हातात घ्यायचा नाही. रीतसर कंपनी गाठायची, नाहीतर परवाना असलेली संस्था."

आणि मग साडू सुटले. वाढदिवस असो, डोहाळजेवण असो, माणूस भेटला की दुसरा प्रश्न, "तुमच्या कंपनीचं सीएसआरचं, समाजकार्याच्या पैशांचं, काय?" मसाल्याचा धंदा करणाऱ्या एका कोल्हापूरकरांना त्यांनी केक कापायच्या आधी कोपऱ्यात घेतलं, ते सुटले तेव्हा केक संपला होता. एका ट्रेडिंगवाल्यांना चौसष्ट स्लाइड दाखवल्या. त्यांना विसाव्या स्लाइडला डुलकी लागली. जाग आल्यावर ते शरमून म्हणाले, "दोनशे टोपी देतो, कंपनीचं नाव छापून." नऊ जणांना दोनशे टोप्या! साडूंनी त्याही घेतल्या नाहीत, कारण अर्जात टोप्यांचा उल्लेख नव्हता.

अर्ज हा तर स्वतंत्र अध्याय. बेचाळीस पानांचा तो अर्ज साडूंनी एकट्याने लिहिला होता. "या प्रकल्पाचा लाभ किती जणांना?" या रकान्यात इतर लोक हजारांत आकडे टाकतात. साडूंनी लिहिलं होतं, 'रहिवासी, अंदाजे. बदकं चार, नक्की.' त्यांच्या मुलीने तो चाळून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, नोबडी विल रीड धिस." साडू म्हणाले, "मासे मेले तेही कुणी वाचलं नव्हतं." नकाराची पत्रं ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून ठेवायचे आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. "हे बघ, यांनी निदान कारण दिलंय. सभ्य माणसं."

बावीस नकार झाले तेव्हा मला राहवलं नाही. आमच्या ऑफिसचे एक मोठे क्लायंट, मूळचे साताऱ्याचे, लॉन आणि बागांची कंत्राटं घेणारे. आमच्या तळ्याभोवतीचं लॉनही त्यांच्याकडेच. मी मध्यस्थी करून भेट ठरवली. त्यांनी खजूर पुढे केले, चहा आला, साडूंचं म्हणणं पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "यल्ला, चला, दिलं यंत्र. वसाहतीच्या ऑफिसच्या नावानेच देतो, कागदपत्र पक्के. फक्त आकडे आधी मला दाखवायचे, मग वसाहतीच्या बोर्डावर लावायचे."

"आणि वाईट आले तर?" साडूंनी विचारलं.

"वाईट कशाला येतील साहेब? इन्शाल्ला, चांगलेच येतील."

साडूंनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि म्हणाले, "मग नको. आभारी आहे."

गाडीत मी त्यांच्यावर इतका भडकलो, की आमच्या घरात त्यांना एवढं कुणी कधी बोललं नव्हतं. माझा क्लायंट, माझा शब्द, माझी नोकरी! साडू हळूच म्हणाले, "लोणच्याला बुरशी आली तर मी बरणी फेकतो. लेबल बदलत नाही. मला दुसरं येत नाही रे." मी तीन आठवडे त्यांच्याशी बोललो नाही आणि शनिवारी तळ्यावरही गेलो नाही.

तेविसावा अर्ज ताईंनी लिहिला. बेचाळीस पानं घेऊन बसल्या, दीड पान उरवलं. त्यात मेलेल्या माशांचा एक फोटो होता, निळ्या पाण्याचा एक, आणि नऊ जणांची नावं. माझंसुद्धा, न विचारता. पर्यावरणाचं काम करणाऱ्या एका परवानाधारक संस्थेने तो मंजूर केला. यंत्र आणि वर्षभराच्या तपासण्या. मंजुरीची मेल आली त्याच महिन्यात साडूंच्या कंपनीने त्यांची अबुधाबीच्या गोदामावर बदली केली. घर खलिफा सिटीत. मी बोलायला गेलो तेव्हा ते खोकी बांधत होते. "बरं झालं आलास," म्हणाले, "ही चिकटपट्टी धर." आमचं भांडण तेवढ्यावर खलास.

आता यंत्र माझ्याकडे असतं. पहिले चार महिने आकडे वाईटच आले, आम्ही ते जसेच्या तसे बोर्डावर लावले. लॉनला खत पडलं की दोन आठवड्यांत पाणी हिरवं व्हायचं आणि पहाटेचा ऑक्सिजन, जो पाचाच्या वर हवा, तो दोनावर घसरायचा, हे तक्त्यावर पोरालाही दिसावं असं दिसत होतं. वसाहतीच्या ऑफिसने खत निम्म्यावर आणलं आणि पाण्यात हवा सोडणारा पंप बसवला. सातारकर स्वतः बोर्ड बघून गेले. "आधी सांगायचं ना साहेब," म्हणाले. माझी नोकरी शाबूत आहे.

खलिफा सिटी म्हणजे काही परदेश नव्हे, दीड तासाचा रस्ता. पण या देशात दीड तासावरचा माणूस कसा दूर जातो कुणास ठाऊक. पुढच्या शुक्रवारी येतो म्हणतो, आणि सण उलटतात. गेल्या शनिवारी मात्र यंत्र पाण्यात सोडल्यावर मी आपण होऊन फोन लावला. म्हटलं, "साडूभाऊ, सहा पूर्णांक दोन."

"पुन्हा वाच."

वाचलं. पलीकडे ताईंच्या कुकरची शिट्टी झाली. पुढचा प्रश्न येईल म्हणून मी वहीत बोट घालून थांबलो. फोन त्यांनीही ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही. काठाजवळ बोटाएवढे मासे फिरत होते, तेवढे मी मोजत उभा राहिलो.