अडून राहिलेलं वचन

या ब्लॉगवर येणाऱ्यांना रस्ते, मुक्काम आणि खाण्याची ठिकाणं हवी असतात. तेही सांगते. पण आधी एक सांगून टाकते: यावेळी मी गडचिरोलीला गेले ती माझ्या धाकट्या जावेवर जळत गेले.

शालू ब्रह्मपुरीकडची. लग्न होऊन नाशिकला आमच्या घरी आली तेव्हा प्रार्थनासभेत शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना अडखळायची. शेजारी बसवून मीच तिला वाचायला शिकवलं. पुढे दिनेशला, म्हणजे माझ्या दिराला, आलापल्लीच्या पलीकडे आश्रमशाळेत नोकरी लागली. दोघं तिकडे गेले आणि काही वर्षांतच तिथल्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत जो तो ‘शालूबाईले विचारा’ म्हणू लागला. इथे नाशिकच्या चर्चमध्ये मी कधीपासून बायबल क्लास घेते. मला लोक फार तर चहा कधी आहे ते विचारतात.

नाताळनंतर दिनेशचा फोन आला. “वहिनी, एकदा याच. मंडळी तुमची वाट बघतेय.” हे ऐकून मी किती फुगले ते काय सांगू. तीन मुद्द्यांचा उपदेश तयार केला, चांगली साडी इस्त्री करून घेतली आणि निघाले.

नाशिकहून नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला फारसा चटका नाही. वरोऱ्याला गाडी थांबते तेव्हा गरम आलुबोंडा खाऊन घ्या. चंद्रपूरला एक मुक्काम कराच, नाहीतर कंबर तक्रार करेल. सकाळची आलापल्लीची गाडी बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी अशी जाते. आष्टीपुढे खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केली आहे आणि लाल धूळ केसांत घर करून बसते. मग मात्र साग सुरू होतो. मी खिडकीला डोकं टेकवून बघत राहिले. असं जंगल रोज बघायला मिळतं म्हणूनही मला शालूचा राग आला.

शेजारच्या बाईंनी विचारलं, “कुठी जाऊन राह्यल्या?” मी गावाचं नाव सांगितलं.

“शालूबाईच्या घरी का?”

म्हणजे एसटीतही सुटका नाही.

आलापल्लीला दिनेश मोटरसायकल घेऊन आला होता. घरी शालूने वाकून नमस्कार केला. लाखोरीची डाळ, भात आणि अंबाडीची भाजी वाढली. डाळ इतकी छान होती की मी मुकाट्याने दोनदा घेतली आणि कौतुकाचा शब्द काही केल्या तोंडातून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मातीच्या भिंती, वर पत्रे, खाली सतरंजी, असं त्यांचं प्रार्थनामंदिर. पाळक, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदा येतात, एरवी मनोहरभाऊ नावाचे म्हातारे गृहस्थ उपासना चालवतात. गाणी झाली, प्रार्थना झाली. मी माझे कागद काढून तयार बसले. पण मनोहरभाऊंनी एकच वचन वाचलं: आनंद करणाऱ्यांसोबत आनंद करावा आणि रडणाऱ्यांसोबत रडावं, या अर्थाचं. मग पुस्तक मिटून त्यांनी विचारलं, “कोनाकोनाचं झालं?”

मला काही कळेना. दिनेशने कानात सांगितलं, “इथे एक वचन सगळ्यांनी करून झाल्याशिवाय पुढचं वाचत नाहीत. हे पावसाळ्यापासून अडलंय. रडण्याचा अर्धा भाग कधीच झाला, गावात मयत झाली तेव्हा सगळे जाऊन बसले. आनंदाचा भाग काही सरकत नाही.”

एक बाई उठल्या. “माह्या देरानीले घरकुल मिळालं. तिचा पाया खोदू लागलो. पयल्या दिवशी तोंड वाकडंच होतं माह्यं. मंग सुधरलं. झालं.” देरानी म्हणजे धाकटी जाऊ.

मनोहरभाऊंनी मान डोलावली आणि शालूकडे पाहिलं. “शालूबाई, तुमचं?”

“नाई झालं, भाऊ.” शालू उभी राहिली. माझ्याकडे बघत म्हणाली, “बाई, तुमच्यासाठीच अडलं हाये. तुम्ही प्रार्थनेले उभ्या राह्यल्या का शब्द कसे आपोआप येतात. मले पाठ करून बोला लागते. तुमचं कोनी चांगलं म्हनलं का मले आनंद नाई होत, हेवा वाटते. तुमच्या तोंडावर सांगितल्याबिगर हे जानार नाई, म्हनून बोलावलं.”

म्हणजे मंडळी माझी वाट बघत होती ती यासाठी. उपदेशाचे कागद मी पर्समध्ये कोंबले. बोलून झाल्यावर शालूचा चेहरा असा मोकळा झाला की मला सहन होईना. हेवा कबूल करण्यातही ती माझ्या पुढे गेली.

“अन् बाई, तुमचं?” मनोहरभाऊंनी मला विचारलं.

“मी तर पाहुणी,” मी म्हणाले.

“पाहुनी असल्या तरी वचन ऐकलं ना तुम्ही. मंग तुमचंबी करा लागते.” मग ते सगळ्यांना म्हणाले, “बाईचं राह्यलं हाये. हेच वचन ठेवू.”

कुणी कुरकुर केली नाही. मला कुरकुर चालली असती.

परतताना हेमलकशाकडे जायचा बेत मी रद्द केला. तुम्ही जा, आलापल्लीहून रस्ता आहे. शालूने लाखोरीची डाळ बांधून दिली आणि त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. तिच्या जागी मी असते तर टोमणा मारल्याशिवाय राहिले नसते.

नाशिकला आल्यावर माझा क्लास सुरू झाला. एका तासात आम्ही दोन अध्याय संपवले. सगळ्यांनी वह्या मिटल्या आणि मला पहिल्यांदाच स्वतःच्या क्लासची लाज वाटली. जंगलातली ती मंडळी माझ्यासाठी एका वचनावर खोळंबून बसली होती, आणि मी इथे पानं उलटत होते.

रविवारी त्यांच्या उपासनेच्या वेळी मी दिनेशला फोन लावला. त्याने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. मी घसा साफ केला. शब्द आपोआप आले नाहीत.

“शालू, मला तुझा हेवा वाटतो. तुला लोक विचारतात याचा. आणि त्या दिवशी तू आधी बोललीस याचा तर सगळ्यात जास्त.”

पलीकडून मनोहरभाऊंचा आवाज आला, “अजून वाटते का, बाई?”

खोटं बोलणं सोपं होतं. पुढचं वचन तरी सुरू झालं असतं.

“वाटतो,” मी म्हणाले.

“बरं. मंग पुढच्या रविवारीबी हेच वचन.”