पोरींनी केलेलं कुंकू

शुक्रवारी दिवस कलायच्या वक्ताला आमी नवरा-बायको ओसरीवर हळद गाळत बसलो होतो. तिनं माझ्या जुन्या धोतराचा तुकडा पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधला होता अन् मी वरून कुटलेली हळद टाकत होतो. मधीच मला शिंक आली. हळद उडाली अन् तिचं सगळं तोंड पिवळं झालं.

"ह्या वयात हळद लावायलात व्हय मला?"

"पहिली उतरली म्हनून."

ती पदरानं तोंड पुसत हसली. म्हणली, "गाळा मुकाट्यानं. परवा पोरी येतील." आमच्या दोघांचं ते शेवटचं काम.

पोरी म्हणजे गावच्या शाळेतल्या, सातवीच्या. दर रविवारी सकाळी त्या आमच्या अंगणात विज्ञान शिकायला यायच्या. कुणी विचारील, शाळा होती तर अंगणात कशाला? मलाबी तेच विचारायचंय. शाळेत विज्ञानाचं कपाट होतं. काचेच्या नळ्या, बाटल्या, सगळं सरकारनं दिलेलं, अन् चावी हेडमास्तरच्या खिशात. कपाट उघडलं की पोरं पुढं, पोरी मागं, अन् बौद्ध वस्तीतल्या पोरी दाराच्या भाईर. पोरींच्या हातून काच फुटते म्हणायचा. नळ्या धुवून पुसायच्या मात्र पोरींनीच. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस, मला त्यातलं काही कळत न्हाई. पण पुसताना न फुटणारी काच शिकतानाच कशी फुटती, एवढं तरी त्यानं सांगावं.

शाळेतल्या एक बाई आमच्या अंगणातल्या खोलीत भाड्यानं राहायच्या. एक दिवस माझी बायको लुगडं धूत होती. साबण लागला अन् लुगड्यावरचा हळदीचा डाग लाल झाला. बाई बघतच उभ्या राहिल्या. म्हणल्या, "मावशी, ह्याच्यासाठी कपाट कशाला पायजे?"

तिथून सुरुवात झाली. हळदीत चुन्याची निवळी टाकली की लाल, वरून लिंबू पिळलं की परत पिवळी. चुना खारा, लिंबू आंबट, अन् हळद दोघांची चहाडी सांगती, असं बाई समजावायच्या. मग पोरी कुंकू करायला शिकल्या. एरंडेलाच्या दिव्यावर वाटी पालथी घालून काजळ धरायच्या, अन् तेल जळून काळं कुठून आलं ह्याच्यावर भांडायच्या. एकीनं गोरं व्हायची क्रीम आणली. बाईंनी तिला ती एकाच हाताला लावायला सांगितली, दुसरा तसाच ठेवायचा. महिन्यानं दोन्ही हात पुढं केले तर सारखेच सावळे. पोरी अशा हसल्या की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

गावाला ते हसणं झोंबलं. "पोरींना नटवायलेत," म्हणू लागले. ह्याच गावात नवरी बघायला गेले की आधी रंग विचारतात. तवा नटणं चालतं. नटायची वस्तू कशाची होती हे पोरीनं विचारलं की ती बिघडली!

वस्तीतली एक पोरगी लय हुशार. तिचा बाप एकदा अंगणाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. नामांतराच्या दंग्यात त्याचं घर जाळलं होतं. जाळणारे आमच्याच भावकीतले होते, मी कशाला लपवू? तो म्हणला, "काका, हळदीकुंकू, देवधर्म आमी समदं सोडलंय. माझ्या पोरीच्या हातात हे कशाला देता?"

बायको म्हणली, "दादा, लावायला कोन म्हनतंय? रंग कामून पालटतो तेवढं बघू द्या तिला. आन तुमीबी बघा की." अन् लिंबाची फोड त्याच्या हातात दिली. त्यानं लाल पाण्यात लिंबू पिळलं. पाणी पिवळं झालं तसा तो हसला. पोरगी त्या दिवसापासून एकबी रविवार चुकली न्हाई.

शनिवारी सकाळी बायको हिरीवरून आली, घागर उतरवली, "छातीत दाबल्यावानी व्हायलंय," म्हणली अन् खांबाला टेकून खाली बसली. जीप येईस्तोवर संपलं होतं.

भावकीतल्या बाया जमल्या. हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या. "अहेव गेली, नशिबाची," म्हणायल्या. कसलं नशीब? मी गेलो असतो तर ह्याच बायांनी तिचं कपाळ पुसलं असतं, बांगड्या फोडल्या असत्या. ती गेली तर माझं काय पुसलं? टोपी तशीच डोक्यावर.

मग मळवट भरायची वेळ आली. फळीवर पोरींनी केलेल्या कुंकवाचा डबा होता. चुलतभावाच्या बायकोनं हात पुढं केला अन् मागं घेतला.

"ते नगं. त्याला वस्तीतल्या पोरीचं हात लागलेत. दुकानातून पुडी आना."

"पुडीला कुनाचं हात लागले ते बघितलंय का तुमी?" मी ओरडलोच. मेलेल्या बाईच्या उशाला बसून हात निवडायलेत!

मळवट बायांनी भरायचा असतो, बाप्यानं न्हाई. मी भरला. ते कुंकू काही दुकानातल्यासारखं लालभडक नव्हतं, जरा विटकरीच होतं. पण तिचं होतं. पोरी कुडाला लागून उभ्या होत्या, त्यांनी ते बघितलं.

आमाला मूलबाळ न्हाई. अग्नी मीच दिला. परत आलो तर पोरी अजून कुडापाशीच होत्या. चुलतभाऊ त्यांच्यावर खेकसला, "जा गं घरी! संपली तुमची शाळा." मग माझ्याकडं वळून, "दहा दिस सुतक हाय, अंगनात हळद दिसली न्हाई पायजे. आन पुढंबी घरात बाईमानूस न्हाई, पोरीबाळींचं काय काम? त्या मास्तरनीला दुसरी खोली बघाया सांग."

 

दुसऱ्या दिवशी रविवार. मी अंगण झाडलं, पोती अंथरली, चुन्याची निवळी काढली. पातेल्यावरचा धोतराचा तुकडा तिनं बांधला तसाच होता. तो सोडला. बाई दारातून म्हणल्या, "काका, आज राहू द्या."

"हळद गाळून ठिवलीया तिनं," मी म्हणलं.

पोरी कुणीच येईनात. मग मी वस्तीत गेलो, अन् त्या पोरीच्या दारात उभा राहून हाक मारली. तिचा बाप भाईर आला.

"काका, तुमाला सुतक ना?"

"सुतक मला हाय. पोरीला न्हाई."

त्यानं आत बघितलं. पोरीनं चपला घातल्या. भावकीच्या घरांपुढून जी वाट जाती, त्याच वाटेनं आमी आलो. ती पुढं, मी मागं.