आजीचं पांढरं लुगडं

चौदा ऑगस्टला सकाळी बाबा म्हणाले, "लुगडं काढून ठेव गं, जरा ऊन दाखवू." मी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात लुगडं नव्हतं.

चले जावच्या वेळी माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, तुरुंगात होते. तिथे कातलेल्या सुताचं त्यांनी सुटल्यावर आजीसाठी हे लुगडं विणून घेतलं. पांढरंफटक, काठसुद्धा नाही. दर पंधरा ऑगस्टला आम्ही ते टेबलावर मांडतो आणि घरातला प्रत्येक जण त्याला नमस्कार करतो. बदली होऊन साताऱ्याहून जयपूरला येताना ते ट्रकमध्ये टाकायची माझी हिंमत झाली नाही, मांडीवर घेऊन आले. आणि एवढं करून मी शहाणी! गेल्या आठवड्यात नणंदांसाठी घेतलेल्या कोऱ्या पांढऱ्या साड्या जयपूरजवळच्या सांगानेरला छपाईला पाठवल्या, त्यांच्यासोबत चुकून हेही उचलून दिलं.

बाबांना बँकेचं काम सांगून रिक्षा पकडली. छपाईवाले भैया फोन उचलत नव्हते. बाबांचं वय पंच्याऐंशी, त्यात हृदय नाजूक, आणि आईची म्हणून त्यांच्याकडे एवढी एकच वस्तू.

"लंबी वाली? वो तो कल ही छप गई, मैडम," भैया म्हणाले आणि त्यांनी दोरीवरून ते ओढलं. अंगभर लाल फुलं. मी तिथेच रडायला लागले.

खोटं बोलणं मला जमलं नसतं. घरी येऊन लुगडं बाबांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. ते लाल फुलांवरून बोट फिरवत राहिले. मी त्यांच्या छातीकडे बघत उभी, श्वास नीट चालतोय ना म्हणून.

"मी पाच-सहा वर्षांचा असेन," ते अखेर म्हणाले. "जत्रेत आईनं एका फुलाफुलांच्या लुगड्याला नुसता हात लावला. देश स्वतंत्र झाल्यावर घेऊ, तोवर पांढरी खादीच, म्हणाले दादा, तुझे आजोबा. नवरा जिवंत आणि बाई पांढऱ्यात. हळदीकुंकवाला बोलवायला बायका कचरायच्या तिला."

"मग नंतर घेतलं?"

"दादा विसरले. तिनं आठवण करून दिली नाही, आम्हीही विचारलं नाही."

आजोबांचा तुरुंगवास मी शाळेपासून ऐटीत सांगत आले होते. आज पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला, आणि स्वतःचाही. आजीला कुठला रंग आवडायचा, असं मी बाबांना विचारलं. त्यांना ते सांगता आलं नाही.