कशातली दाखवू?

उमरग्यात खरेदीची दोन मोठी ठिकाणं आहेत. एक जुनं डिपार्टमेंटल स्टोअर, तीन मजल्यांचं. दुसरं हायवेलगतचं सुपरमार्केट, तिथं डाळ-तांदळाच्या पलीकडे कपड्यांचीही रांग आहे. साडी दोन्हीकडे मिळते, मग फरक काय, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, स्टोअरमध्ये विचारतात, सुपरमार्केटमध्ये विचारत नाहीत.

स्टोअरमध्ये साड्यांच्या मजल्यावर गादीवर बसवतात, पाणी देतात आणि लगेच प्रश्न टाकतात, "कशातली दाखवू? लग्नातली, देण्याघेण्यातली, का घरात नेसायची?" उत्तर दिल्याशिवाय एक घडी मोडत नाहीत. अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, हे फार आवडायचं. भाऊबिजेची साडी ती दरवर्षी तिथंच घ्यायची, स्वतः पसंत करून. ढीगभर साड्या उलगडायला लावायची आणि शेवटी पहिलीच घ्यायची. मी कोपऱ्यात बसून चिडायचो. माझं काम फक्त पिशवी धरायचं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी अक्का वारली. दाजी हयात आहेत, म्हणजे ती सवाष्ण गेली. शेवटची हिरवी साडी माहेरची लागते, आणि माहेर म्हणजे आता मी एकटा. तिच्या सासरहून फोन आला, "साडी घेऊन या, तुमच्यासाठीच थांबलोय." मी मोटारसायकल काढली. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

स्टोअरच्या पायरीपर्यंत गेलो. आत तो माणूस विचारणार, कशातली दाखवू. त्याच्या तीन प्रकारांत ही साडी बसत नव्हती. सांगावं लागलं असतं, आणि अक्का गेली हे मी अजून कुणापुढं तोंडानं म्हटलं नव्हतं. मागं फिरलो आणि सुपरमार्केटला गेलो.

तिथं कुणी हटकलं नाही. फरसाण, साबण, बादल्या ओलांडून कपड्यांपाशी पोचलो. साड्या हँगरवर लटकत होत्या. काळा काठ नसलेली हिरवी शोधली, हिरव्या बांगड्या घेतल्या, टोपलीत टाकल्या. आठवड्याचं सामान भरावं तसं सगळं उरकलं.

बिल करणाऱ्या मुलीनं साडीवर हात फिरवला.

"काका, कुणाला घेतली?"

"अक्काला."

"लई छान हाय. न्हाय आवडली तर आणा परत. आठ दिवसांत बदलून मिळंल."

"बरं," मी म्हणालो.

आणि खरंच मला हायसं वाटलं. मी एकट्यानं निवडलेली ही पहिलीच साडी, रंग जरा गडदच होता. पिशवी हँडलला अडकवली, गाडी सुरू केली आणि तिच्या गावच्या रस्त्याला लागेपर्यंत माझ्या मनात एवढंच होतं की अक्काला दाखवू, नको म्हणाली तर उद्या येऊन बदलून नेऊ.