देविदासच्या नातवाची धुंड

देविदास आमच्याच तांड्यातला. सेनगाव तालुक्यात लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी म्हटली की त्याचंच नाव निघायचं. तो गायचा, मी डफ वाजवायचो, बाकीचे मागून ओळीला ओळ देत झील ओढायचे. एकवीस वर्षं असं चाललं. मी काही मोठा वादक नव्हतो. त्याच्या आवाजामागं हात आपोआप चालायचा, एवढंच.

पाच वर्षांपूर्वी गाण्यांच्या एका कंपनीनं त्याला हिंगोलीच्या ऑफिसात साहेब केलं. नवे गायक निवडायचे, त्यांचे करार करायचे, कोणतं गाणं यूट्यूबवर कधी सोडायचं ते ठरवायचं. त्याचं स्वतःचं तांड्यात गाणं बंद झालं. करारात एक नियम त्यानंच घातला होता. कंपनीच्या गायकानं बाहेर कुठं गायचं नाही, कारण लोक मोबाइलवर घेतात आणि पसरवतात. त्यावर गायक म्हणून पहिली सही त्याचीच होती. आमच्या तांड्यातली शितल मावसबहिणीच्या लग्नात गायली, व्हिडिओ फिरला, तर देविदासनं तिची तयार झालेली दोन गाणी रोखून धरली. ती अजून बाहेर आलेली नाहीत.

यंदा त्याच्या नातवाची धुंड होती. वर्षभरात जन्मलेल्या मुलाची धुंड आमच्यात होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करतात. लेकराला मांडीवर घेऊन बसतात, वर एक काठी आडवी धरतात, आणि गेरिये, म्हणजे होळी खेळणारे गडी, तिच्यावर काठ्या वाजवत गातात. पहिली ओळ देविदासनं उचलायची हे कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी धरलेलं होतं. त्याची बायको रुक्माबाई आठ दिवस तेच सांगत फिरत होती.

लेकराला आणलं. मी डफ निखाऱ्यावर शेकून घेतला. देविदासनं घसा साफ केला आणि समोर पाहिलं. दहा-बारा मोबाइल वर झाले होते.

"मोबाइल खाली ठेवा रे."

"काहून? नातू तुमचा, मोबाइल आमचे," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

शितल पुढंच उभी होती. तिच्या हातात काही नव्हतं. ती नुसती बघत होती.

"गा की," रुक्माबाई म्हणाली. "का नातवासंगं बी करार करायचा हाय, सायेब?"

देविदासनं गाडीतून स्पीकर आणायला लावला. त्यावर स्वतःचंच गाणं लावलं, कंपनीनं काढलेलं.

गाणं चांगलं होतं. पण त्यात झीलही भरलेली होती. गेरिये ओळ संपायची वाट बघत उभे, आणि त्यांनी तोंड उघडेपर्यंत स्पीकरमधले उत्तर देऊन मोकळे. दोन-तीनदा तसं झालं, मग सगळे गप्प झाले. नुसत्या काठ्या वाजत राहिल्या. माझा हात मागं पडत होता. इतकी वर्षं गाताना देविदास माझ्यासाठी थांबत असणार, हे मला तेव्हा कळलं.

गाणं संपलं. रुक्माबाईनं लेकराला उचललं आणि कुणाकडं न बघता आत गेली.

"हात मागं पडून राहिला, भिया," देविदास म्हणाला.

"व्हय."

"सोमवारी हिंगोलीला या. त्या गाण्यात तुमचा डफ नव्यानं रेकॉर्ड करू."

सोमवारी गेलो. काचेच्या खोलीत बसवून माझ्या कानाला हेडफोन लावला. त्यात त्याचा आवाज असेल असं मला वाटलं होतं. ताल धरायला नुसती टिकटिक होती. काचेपलीकडं देविदास कागद चाळत बसला होता. मी टिकटिकीवर डफ वाजवला.

त्यानं मान वर न करता हात उचलला. म्हणजे डफ बराबर आला.